रात्रीची लाईट आणि उसातला बिबट्या

आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या अंगाला माझ्या मामांचा मळा आहे. अडीच एकर ऊस, थोडा कांदा, दोन गाई, पाच शेळ्या. घरात कॅलेंडरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. शेतीपंपाची थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, एवढेच त्यावर लिहिलेले असते. दिवसाची पाळी असली की घर निवांत असते. रात्रीची लागली की मामी संध्याकाळपासून कमी बोलतात. बारा-साडेबाराला लाईट येणार, मामा नाहीतर मामेभाऊ बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जाणार आणि तो परत येईपर्यंत ओट्यावरचा दिवा जळत राहणार.

एका हिवाळ्यात मी तिथे मुक्कामाला होतो. भाऊ निघाला तसा मीही त्याच्यामागे गेलो. दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून हातभर रुंदीचा बांध. त्याने मोबाईलवर मोठ्या आवाजात भजन लावले होते. मी म्हणालो, एवढ्या रात्री? तो म्हणाला, "ऐकायला नाही लावलं. त्याला कळावं म्हणून, की माणूस येतोय." 'त्याला' म्हणजे कोणाला, हे त्या गावात विचारावे लागत नाही. सरीत पाणी वळवताना माणूस वाकलेला असतो, पाठ उसाकडे असते. बिबट्याच्या नजरेला वाकलेला माणूस आणि चार पायांचे जनावर यांत फारसा फरक दिसत नसावा, असे तिथले लोक सांगतात. मी तिथे जेमतेम अर्धा तास उभा राहिलो. भाऊ पहाटेपर्यंत होता, आणि महिन्यातले निम्मे दिवस असतो.

त्या अर्ध्या तासाने माझ्या मनातला एक प्रश्न बदलला. पुण्यात आम्ही 'बिबट्या वाचवायचा की माणूस' यावर वाद घालतो. मला आता तो वाद पोकळ वाटतो. बिबट्या राहिला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो राहण्याचा खर्च आज शेतकरी, शेळ्या पाळणारी बाई, मेंढपाळ आणि ऊसतोड कामगार भरत आहेत. जनावरांनी, झोपेने आणि कधी पोटच्या पोरांनी. हा खर्च त्यांच्या खांद्यावरून काढून सगळ्या समाजाने उचलायला हवा, आणि तो माणूस गेल्यानंतरच्या धनादेशात नव्हे, तर आधी, विजेच्या तारेत आणि गोठ्याच्या जाळीत खर्च व्हायला हवा. एवढेच मला म्हणायचे आहे, पण ते नीट म्हणायचे तर थोडे मागे जावे लागेल.

'बिबट्या गावात शिरला' असा मथळा आपण नेहमी वाचतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांपुरता तरी तो चुकीचा आहे. शिरला म्हणायला त्याचे घर दुसरीकडे असावे लागते. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणे झाली, कालव्यांचे पाणी फिरले आणि बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. वर्षातले दहा-बारा महिने दाट सावली, आत गारवा, जवळ पाणी, कडेला वस्ती, वस्तीवर कुत्री, डुकरे, शेळ्या, कोंबड्या. मादीला पिल्ले घालायला यापेक्षा चांगली जागा कोणती? आज या चार तालुक्यांत फिरणारे कितीतरी बिबटे उसात जन्मले, उसात वाढले आणि सह्याद्रीचे जंगल त्यांनी बघितलेलेही नाही. 'लोकांनी जंगलावर अतिक्रमण केले म्हणून बिबटे बाहेर आले' हे वाक्य शहरात फार सहज बोलले जाते. इथल्या जमिनींचे सातबारे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. इथे कोणी जंगल तोडून घर बांधलेले नाही. पाणी आले, पीक बदलले आणि त्या पिकात जनावर राहायला आले. या बदलाचा निर्णय एकट्या शेतकऱ्याने घेतलेला नाही. धरण सरकारने बांधले, कारखाने सरकारच्या परवान्याने उभे राहिले आणि साखर आपण सगळ्यांनी खाल्ली.

जुन्नरच्या शेजारी अकोले तालुका आहे. तिथे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमध्ये कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसे राहणाऱ्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. एखाद्या राखीव जंगलातही हा आकडा चांगलाच म्हटला असता. त्याच भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचाही अभ्यास झाला. खाण्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता आणि शेळ्यांचा जेमतेम अकरा टक्के. गावात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरीही. कारण साधे आहे. शेळी दिवसा माणसाबरोबर असते आणि रात्री कोंडलेली असते. कुत्रे मोकळे असते. हा अकरा टक्क्यांचा आकडा मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दार लावले तर जनावर वाचते, हे तो सांगतो. ज्या बाईच्या शेळ्या कुडाच्या खोपटात असतात तिला दार कोणी द्यायचे, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो पैशांचा आहे.

गावाची मागणी मात्र बहुतेक वेळा एकच असते: पिंजरा लावा आणि घेऊन जा. ज्याच्या दारातून शेळी गेली त्याच्या तोंडी दुसरे काय येणार? पण हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात एकदा मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातले बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात सतरावर गेले. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा हिशेब मांडला आहे. पकडलेले जनावर पिंजऱ्यात दात-नखे मोडून घेते, माणसांच्या गर्दीने बिथरते, मग अनोळखी मुलखात सुटते. तो मुलूख आधीच दुसऱ्या बिबट्याचा असतो. त्यामुळे ते घराकडे परत निघते किंवा वाटेतल्या गावाजवळ थांबते. आणि इकडे जी जागा रिकामी झाली तिथे महिन्या-दोन महिन्यांत नवे तरुण बिबट येते, ज्याला या गावाची वहिवाट माहीत नसते. जुना बिबट्या कोणत्या वेळी कोणत्या बांधावरून जातो, हे गावाला ठाऊक असते आणि माणसे कधी कुठे असतात, हे त्याला ठाऊक असते. त्या अबोल ओळखीवर कितीतरी वर्षे कोणाचे काही न बिघडता निघून जातात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात पिंजऱ्यात जन्म काढणारी डझनावारी जनावरे आहेत. त्यांना तिथे ठेवून गावाला झोप लागली असती तर ती एव्हाना लागली असती.

पण इथे थांबून चालणार नाही. माझ्यासारखे लोक हा पुरावा सांगतात आणि आपले काम झाले असे समजतात. ऑक्टोबर २०२५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुतच्या परिसरात तीन माणसे गेली. त्यांत दोन लहान मुले होती. तीन आठवड्यांत तीन चिता एकाच शिवारात पेटल्यावर संशोधनाचा आलेख घेऊन कोण कोणासमोर उभे राहणार? लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी नेमबाज बोलावून एक बिबट्या मारण्यात आला. गाडी जाळणे चूक होते, कारण त्या गाडीतून येणारा वनरक्षकही त्याच मातीतला, अपुऱ्या माणसांनिशी दहा-वीस गावे सांभाळणारा. पण तो राग मला समजतो. त्यानंतरच्या दिवसांत त्या भागातल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात खुरपायला जाऊ लागल्या. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा. ती छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. माझ्या मते महाराष्ट्राच्या वन्यजीव धोरणाबद्दल त्याहून जास्त बोलणारा दस्तऐवज नाही.

माणसावर हल्ला करण्याची सवय लागलेला बिबट्या मारावाच लागतो. हे मी वन्यजीवप्रेमी म्हणवणाऱ्या मित्रांना स्पष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच त्याची सोय आहे. मानवी जीविताला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. तो आदेश यायला उशीर झाला की गावाचा कायद्यावरचा विश्वास उडतो आणि मग विषाचे आमिष, फासे, वीज सोडलेल्या तारा सुरू होतात. त्यात दोषी-निर्दोष सगळीच जनावरे मरतात. एक मारावा लागला तर लवकर मारणे, हेही बाकीच्यांचे संरक्षणच आहे.

तीन मृत्यूंनंतर मागण्यांची रांग लागली. बिबट्याला कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत टाका. परराज्यातल्या प्राणिसंग्रहालयांत पाठवा. नसबंदी करा. यातल्या शेवटच्या उपायाला मोजक्या बिबट्यांपुरती प्रायोगिक परवानगी मिळाली आहे आणि तो प्रयोग व्हावा. त्याचा निकाल हाती यायला वर्षे जातील, हे मात्र गावाला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनुसूची बदलल्याने मारण्याचा आदेश खालच्या अधिकाऱ्याला देता येईल, हा मुख्य फरक. माझ्या मामेभावाला त्याने काय मिळेल? रात्री साडेबाराला तो तसाच बांधावर असेल. या सगळ्या मागण्यांचे एक साम्य आहे. त्यांचा रोख बिबट्यावर आहे. माणसाच्या दिनक्रमावर, त्याच्या विजेवर, घरावर, शाळेच्या वाटेवर कोणाचाच रोख नाही.

शहराबद्दल बोलताना मी स्वतःला वगळत नाही. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी एक गवा दिसला. पुढचे काही तास पुण्याने काय केले, हे आपण सगळ्यांनी पाहिले. शेकडो माणसे मोबाईल घेऊन त्याच्यामागे धावली, तो भिंतींना, गाड्यांना धडकत रक्तबंबाळ होऊन पळत राहिला, शेवटी भूल देऊन पकडला आणि त्याच दिवशी मेला. त्या संध्याकाळी शहराला अपराधी वाटले, आणि ते खरे वाटले. २०२५ मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. तो सापळ्यात येईपर्यंत महिने गेले, तिकडे औंध-बावधनच्या लोकांनीही बिबट्याच्या भीतीने पहाटेचे फिरणे सोडले. काही दिवसांसाठी पुणेकरांनी ती भीती चाखली जी पिंपरखेडला रोजची आहे. मला वाटले होते, आता तरी आपल्या बोलण्यात फरक पडेल. फरक पडला तो असा की आपल्या सोसायटीजवळचा बिबट्या ताबडतोब हलवा, अशी मागणी इथूनही आली. ती माणसाची सहज प्रतिक्रिया आहे. मग शिरूरच्या आईने तीच मागणी केली तेव्हा आपण तिला सहजीवनाचे धडे का दिले?

'सहजीवन' हा शब्द शहरातून गावाकडे गेला. गोष्ट गावात आधीपासून होती. जुन्नर-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाज वाघबारस करतो. दिवाळीच्या तोंडावर वाघोबाच्या ठाण्याला शेंदूर लावायचा, नैवेद्य दाखवायचा, गुराख्यांनी मागणे मागायचे की आमची गुरे सांभाळ. शेंदूर लावलेले ते दगड शिवेशिवेवर आहेत. या श्रद्धेला मी भाबडी म्हणत नाही. त्यात एक करार आहे: तू इथे राहतोस हे आम्हाला मान्य आहे, तूही आमची मर्यादा पाळ. या देशात बिबट्या टिकला त्याला कायदा जितका कारण आहे तितकाच हा करारही. पण त्या कराराच्या काळात रात्री दारे धरायला जावे लागत नव्हते. रात्री माणूस घरात असे आणि रान त्याचे असे. तो करार मोडला तो विजेच्या वेळापत्रकाने. दिवसा कारखान्यांना आणि शहरांना वीज हवी, म्हणून शेतीची वीज रात्रीच्या खाचेत बसवली गेली. हे लिहिताना माझ्या खोलीत दुपारी दोन वाजता पंखा चालू आहे.

आता भरपाईकडे येतो, कारण चर्चा निघाली की 'सरकार पैसे देतेच की' असे ऐकू येते. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २०२३ पासून २५ लाख रुपये मिळतात; त्यातले १० लाख लगेच आणि उरलेले मुदत ठेवींत. रक्कम कमी नाही, देशातल्या अनेक राज्यांपेक्षा जास्त आहे, आणि ती वाढवणाऱ्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. जनावरांच्या बाबतीत गणित वेगळे आहे. गाय-म्हैस गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातले जे कमी ते; शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५ हजार, यातले जे कमी ते. म्हणजे नियमातच पाव हिस्सा मालकाने सोसायचा आहे. चांगल्या दुधाची संकरित गाय आज लाखाच्या घरात जाते. ती गेली की फक्त गाय जात नाही, दर दहा दिवसांनी डेअरीतून येणारा पगार जातो, आणि त्या पगारावर किराणा, दवाखाना, मुलीच्या कॉलेजची एसटी उभी असते. त्याची नोंद पंचनाम्यात कुठेच नसते.

शिवाय पंचनामा व्हायचा तर ४८ तासांत कळवायला हवे, मेलेले जनावर जागेवरून हलवता कामा नये, पशुवैद्यकाचा दाखला हवा. मामांची एक शेळी गेली तेव्हा त्यांनी तिचे धड दोन दिवस झाकून ठेवले होते. वास सुटला, मुले जेवेनात, साहेब तिसऱ्या दिवशी आले. पैसे मिळाले, सात महिन्यांनी. मामींनी त्यानंतर नवी शेळी घेतली नाही. मी विचारले तर म्हणाल्या, "पुन्हा बिबट्यालाच द्यायची तर घेऊ कशाला?" गावात शेळी बहुधा बाईची असते. तिच्या नावावर जमीन नसते, बँकेत खाते असले तरी त्यात काही नसते, अडीनडीला विकता येईल असे तिच्याकडे तेवढेच असते. बिबट्याने ती नेली की घरातल्या सर्वांत कमी अधिकाराच्या माणसाची बचत जाते. म्हणून मी शेळीच्या भरपाईकडे किरकोळ बाब म्हणून पाहू शकत नाही.

आणि ज्यांच्या नावावर इथे काहीच नाही, त्यांचे काय? दर वर्षी दिवाळीच्या मागेपुढे बीड, नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाच्या कडेला पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. दाराच्या जागी पोते, लाईट नाही, संडास नाही. आईबाप पहाटे फडात उतरतात, चार-पाच वर्षांची पोरे कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसतात. तोडणी सुरू झाली की बिबट्याच्या मादीचेही छप्पर रोज थोडे थोडे कमी होते. तिची पिल्ले फडात सापडतात. सुटका पथकातले लोक ती पिल्ले खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. हे काम इथे कौशल्याने केले जाते आणि त्याचे मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच फडाच्या कडेला, त्याच रात्री, पोत्याच्या दाराआड माणसाची पिल्ले झोपलेली असतात. त्यांच्यासाठी पथक नाही.

पुण्याच्या पूर्वेला गेले की गोष्ट बदलते, पण खर्च भरणाऱ्याचा चेहरा तोच राहतो. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरचे माळ हे लांडगा, खोकड, चिंकारा यांचे घर. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. बाकीचा माळ कागदोपत्री 'पडीक'. त्या पडीक माळावर पिढ्यान्‌पिढ्या धनगरांच्या मेंढ्या चरतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवतात. रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून कळप कोंडलेला असतो आणि तरीही लांडगा एखादे कोकरू नेतो. तळ रोज हलतो, त्यामुळे पंचनाम्याला साहेब येईपर्यंत मेंढपाळ तीन गावे पुढे गेलेला असतो. तो तक्रार करत नाही. 'त्याचंही पोट आहे' म्हणणारे म्हातारे मी ऐकले आहेत. लांडगा आज टिकून आहे तो या उदारपणावर, आणि आपण त्या उदारपणाला धोरण समजून बसलो आहोत. माळावर कधी चर खणून झाडे लावली जातात, कधी औद्योगिक वसाहत येते, कधी प्लॉटिंग होते. चराई घटते, लांडग्याची बिळे घटतात, आणि उरलेल्या तुकड्यात दोघे एकमेकांच्या अंगावर येतात.

लोकांना न विचारता नकाशावर रेघ ओढली की काय होते, याचा धडा शेजारच्या सोलापूरने दिलेला आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यातली बहुतेक जमीन लोकांची खाजगी. गावेच्या गावे, बाजारपेठा, शेते, सगळे त्यात आले. जमीन विकायची अडचण, विहिरी-रस्त्यांना परवानगीची अडचण. लोकांच्या मनात 'माळढोक' हे पक्ष्याचे नाव न राहता अडथळ्याचे नाव झाले. पुढे तीनेक दशकांनी अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर बातमी व्हावी, अशी स्थिती आली होती. पक्षी गेला त्याला इतरही कारणे आहेत, पीकपद्धत बदलली, माळ नांगरले गेले. पण ज्या शेतकऱ्याच्या रानात तो अंडे घालायचा, त्याला तीस वर्षांत आपण एकदाही 'तुझ्या रानात अंडे आहे, हे घे त्याचे मानधन' असे म्हटले नाही. त्याला फक्त बंदी सांगितली.

भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ चे. शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे आणि पुण्याहून दर शनिवारी-रविवारी गाड्यांची रांग तिकडे जाते. तिथल्या महादेव कोळी माणसाचे पोट हिरड्यावर आणि पावसाच्या भातावर चालते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला वनोपजाचा हक्क दिला आणि ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकारही दिला. प्रत्यक्षात त्या हक्कासाठी त्याला किती वर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे तिकडच्या कोणत्याही गावात विचारा. मात्र या डोंगरांवर पवनचक्क्यांसाठी रुंद रस्ते कापले गेले तेव्हा तेवढी अडचण आली नाही. पश्चिम घाटावरच्या, माधव गाडगीळ अध्यक्ष असलेल्या समितीने २०११ च्या अहवालात याकडे बोट दाखवले होते. ज्याला मोळी आणायला हटकले जाते तो माणूस असा रस्ता पाहतो, तेव्हा संरक्षणाबद्दल त्याचे काय मत होत असेल?

मग करायचे काय? माझ्या दृष्टीने पहिले, दुसरे आणि तिसरे उत्तर दिवसाची वीज हेच आहे. शेतीला सौर ऊर्जेवर दिवसा वीज देण्याची योजना राज्यात २०२३ पासून नव्या रूपात सुरू आहे. ती राबवताना क्रम कसा लावायचा हा निर्णयाचा भाग आहे. ज्या गावांच्या शिवारात माणसांवर हल्ले झाले आहेत त्या गावांचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, सगळ्यात आधी, बिनशर्त, असा क्रम लावा. तोवर जी वीज आहे ती या गावांना दिवसा द्या आणि रात्रीची पाळी आम्हा शहरांना वाटून द्या. पुण्यात आठवड्यातून एक दुपार भारनियमन झाले तर आपण मरणार नाही. ही मागणी गावाने पुष्कळदा केली, आश्वासनेही मिळाली. ती पुणेकराने केली तर तिचे वजन वेगळे असेल.

त्यानंतर येते दार. मजबूत जाळीचा बंदिस्त गोठा, तोही अनुदानाची रक्कम आधी हातात देऊन, कारण 'आधी बांधा मग बिल द्या' ही अट भूमिहीन बाईला बाहेर ठेवते. ऊसतोड कामगारांसाठीच्या महामंडळाला कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे, अशी रीत राज्यात ठरलेली आहे. मग बिबट्याच्या पट्ट्यातल्या कारखान्यांकडून टनामागे आणखी दोन-चार रुपये घेऊन कोप्यांसाठी पत्र्याचे दार असलेली तात्पुरती घरे, सौरदिवे आणि पोरांसाठी फडापासून दूर पाळणाघर का होऊ नये? साखरेचा भाव त्याने किलोला पैशांत वाढेल. मला तो वाढलेला चालेल, आणि मी ज्यांना विचारले त्या माझ्या सोसायटीतल्या बहुतेकांनाही चालेल, फक्त त्यांना कोणी कधी विचारले नव्हते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण जीव त्यांतच असतो. वस्तीवरच्या शाळकरी मुलांना सायकलऐवजी गाडी. घराला लागून दहा-पंधरा फूट ऊस न लावण्याचा मोबदला. पंचनामा मोबाईलवरच्या छायाचित्रावर आणि पोलीस पाटलाच्या सहीवर, पैसे महिन्याच्या आत, पूर्ण बाजारभावाने. मेंढपाळ जिथे असेल तिथल्या कोणत्याही वन कार्यालयात त्याची नोंद. वनखात्यात गावातल्याच पोरांची भरती, कारण रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस ओळखीचा असला की जमाव जमत नाही. यातल्या अनेक गोष्टी कुठे ना कुठे तुकड्यातुकड्यांनी सुरू आहेत. त्या मृत्यूच्या बातमीनंतर सुरू होतात आणि बातमी विझली की विझतात.

यावर एक आक्षेप मला माझ्याच घरात ऐकावा लागतो. मामांचे थोरले व्याही म्हणतात, "एवढा पैसा जनावरापायी घालायचा, त्यापेक्षा जनावरच नको." मी त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेत नाही. पण बिबट्या नसलेले जुन्नर-शिरूर कसे मिळवणार? ऊस असेपर्यंत जागा रिकामी राहत नाही, हे आपण एकदा पाहिले आहे. आणि पैशांचा हिशेब बाजूला ठेवूनही मला वाटते की ज्या शिवारात वाघोबाचा दगड आहे आणि वाघोबा नाही, ते शिवार माझ्या मुलीला दाखवायला मला जड जाईल. हे माझे, पुण्यात राहणाऱ्या माणसाचे, वाटणे आहे. ते खरे असेल तर त्याची किंमत मी मोजली पाहिजे, व्याह्यांनी नव्हे.

परवा मामांचा फोन आला होता. तोडणी लांबली आहे, टोळी अजून शेजारच्या फडात आहे, कोपीतल्या दोन पोरांना मामी संध्याकाळी घरी आणून बसवतात आणि जेवू घालतात. मी लाईटचे विचारले. सोमवारपासून रात्रीची पाळी, म्हणाले.